स्टॉकफिश, लीला आणि सिझिजी: एंडगेम तपासायच्या फुकट संचाचा रिव्ह्यू

दोन इंजिनांचा, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या दोन प्रोग्रामांचा, डाव बघताना एक जागा हमखास येते. वजीर गेलेले, पटावर हत्ती, उंट आणि थोडी प्यादी उरलेली, आणि एक इंजिन +२.१० (पांढऱ्याची स्पष्ट सरशी) दाखवतंय तर दुसरं ०.०० (बरोबरी). दोन्ही कुठल्याही माणसापेक्षा कैक पटींनी बलवान, दोन्हींची खोली (पुढच्या चाली बघायची मजल) चाळिसाच्या वर, तरी मत जुळत नाही. खरं कोण बोलतंय हे ठरवायला लागणारं सगळं सामान आज एक पैसा न मोजता मिळतं. स्टॉकफिश हे मुख्य इंजिन, लीला हे दुसरं मत, सिझिजी टेबलबेस हा निवाडा, आणि तिघांना एकत्र बांधायला क्यूटचेस किंवा निबलरसारखा प्रोग्राम. हा रिव्ह्यू या संचाचा आहे आणि फक्त एंडगेमपुरता, म्हणजे थोडे मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्यापुरता आहे.

निकाल आधीच सांगायचा तर सहा मोहऱ्यांपर्यंत डोळे मिटून विश्वास ठेवावा. सात मोहरे असतील तर लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर जावं. आठपासून पुढे मात्र इंजिनाचा आकडा हा साक्षीदाराचा जबाब धरायचा आणि उलटतपासणी घ्यायची. ती कशी घ्यायची, हाच एंडगेम विश्लेषणाचा खरा भाग आहे.

सिझिजी: इथं वाद संपतो

रोनाल्ड डी मान यांनी २०१३ मध्ये सिझिजी टेबलबेस आणलं. टेबलबेस म्हणजे ठरावीक संख्येपर्यंतच्या मोहऱ्यांची प्रत्येक शक्य स्थिती उलट्या दिशेनं, शहमातेपासून मागे येत, सोडवून ठेवलेला साठा. मोजताना दोन्ही राजे धरायचे. ‘राजा, हत्ती, प्यादं विरुद्ध राजा, हत्ती’ म्हणजे पाच मोहरे. नवखे हमखास राजे विसरतात आणि मग टेबलबेस उत्तर का देत नाही म्हणून डोकं खाजवत बसतात.

प्रत्येक रचनेच्या दोन फाइली असतात. डब्ल्यूडीएल फाइल जिंकलेला, हरलेला की बरोबरी एवढंच सांगते. डीटीझेड फाइल पुढची मारामारी (मोहरा मारला जाणं) किंवा प्याद्याची चाल किती अंतरावर आहे ते सांगते. पाच मोहऱ्यांपर्यंतचा सगळा संच एक जीबीच्या आत बसतो. सहा मोहऱ्यांचा साधारण १५० जीबी होतो. त्यातला ६८ जीबीच्या आसपास डब्ल्यूडीएल, उरलेला डीटीझेड. सात मोहऱ्यांचा संच बोजुन गुओ यांनी २०१८ मध्ये पूर्ण केला, पण तो साधारण १७ टीबी आहे. तो घरी ठेवायचा विचार करू नये. यापूर्वीचं नालिमोव्ह टेबलबेस फक्त पाच मोहऱ्यांनाच सात जीबी खायचं आणि सहाला टीबीच्या वर जायचं. २०१२ मध्ये मॉस्कोत बनलेलं सात मोहऱ्यांचं लोमोनोसोव्ह टेबलबेस तर १४० टीबीचं होतं. ती दोन्ही मातेपर्यंतचं अंतर साठवतात. सिझिजीनं ते सोडून दिलं आणि म्हणून ते घरच्या डिस्कवर मावलं. ही तडजोड पुढे थोडी त्रास देते, पण ती योग्यच होती.

१०० एमबीपीएसच्या लाइनवर १५० जीबी उतरवायला वेग टिकला तर साडेतीन तासांच्या आसपास लागतात. टॉरंट वापरावा, कारण मध्ये लाइन गेली तर तो तुटलेला भाग पुन्हा घेतो आणि शेवटी स्वतःच तपासतो. ब्राउझरमधून एकेक फाइल घेतली असेल तर चेकसम (फाइल पूर्ण आली का हे पडताळायचा आकडा) जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. कारण साधं आहे. स्टॉकफिश सुरू होताना फाइल आहे की नाही एवढंच बघतं. आतला मजकूर ती रचना पहिल्यांदा समोर आल्यावरच वाचला जातो. त्यामुळे अर्धवट उतरलेली एक फाइल दोन आठवडे गप्प बसते आणि एखाद्या दिवशी ऐन विश्लेषणात इंजिन अचानक बंद पडतं. वरून बघणाऱ्याला तो इंजिनाचा दोष वाटतो.

डिस्कचं नीट ठरवावं. डब्ल्यूडीएल फाइली शोध चालू असताना सतत उघडल्या जातात, म्हणून त्या एसएसडीवर हव्यातच. डीटीझेड मुख्यतः समोरच्या स्थितीसाठी लागतात. त्या जुन्या फिरत्या डिस्कवर ठेवल्या तरी चालतं. इंजिनाच्या ‘सिझिजी पाथ’मध्ये दोन्ही फोल्डर लिहायचे. विंडोजवर मध्ये अर्धविराम, लिनक्स आणि मॅकवर अपूर्णविराम. हे चिन्ह चुकलं की एकही फाइल सापडत नाही आणि काही प्रोग्राम त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. नीट बसलं असेल तर इंजिनाच्या नोंदीत ५१० डब्ल्यूडीएल आणि ५१० डीटीझेड फाइली सापडल्याची ओळ येते. १४५ दिसले तर फक्त पाच मोहऱ्यांपर्यंतचा संच लागला आहे. यांच्या मधलाच एखादा आकडा दिसला तर काही फाइली राहिल्या आहेत.

स्टॉकफिश: बसवताना आणि वाचताना

स्टॉकफिश मूळ टोर्ड रोमस्टाड यांच्या ग्लॉरंग इंजिनातून २००८ मध्ये निघालं. एंडगेमच्या दृष्टीनं दोन टप्पे महत्त्वाचे. २०२० मध्ये आवृत्ती १२ मध्ये एनएनयूई हे छोटं न्यूरल नेटवर्क आलं आणि २०२४ मध्ये १६.१ मधून हातानं लिहिलेलं जुनं मूल्यमापन पूर्ण काढून टाकलं गेलं. जुन्या मूल्यमापनात ‘चुकीच्या रंगाचा उंट आणि कडेचं प्यादं म्हणजे बरोबरी’ अशा ठरावीक रचनांचे नियम थेट लिहिलेले होते. आता ते ज्ञान नेटवर्कमध्ये शिकून आलेलं आहे. बहुतेक वेळा ते अधिक चांगलं ठरतं, पण हमी देणारा लिखित नियम उरलेला नाही. म्हणूनच आजच्या स्टॉकफिशला टेबलबेस जोडणं पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं आहे.

‘हॅश’, म्हणजे आधी तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची जागा, मुळात १६ एमबीवर असतो. एंडगेमला तो अगदीच अपुरा, कारण इथं वेगवेगळ्या वाटांनी तीच स्थिती पुन्हा पुन्हा येते. १६ जीबी रॅम असेल तर ४ ते ६ जीबी हॅश द्यावा, सगळी रॅम ओतू नये. टेबलबेसच्या फाइली वाचताना उरलेली रॅम ऑपरेटिंग सिस्टिम साठवणुकीला वापरते. ती जागाच ठेवली नाही तर प्रत्येक वाचन डिस्कपर्यंत जातं आणि सेकंदाला तपासल्या जाणाऱ्या स्थितींचा आकडा कोसळतो. तसं होताना दिसलं तर ‘सिझिजी प्रोब डेप्थ’ १ वरून वाढवत न्यावी. मग इंजिन अगदी टोकाच्या फांद्यांवर डिस्क धुंडाळत बसत नाही. ‘थ्रेड्स’, म्हणजे एकाच वेळी चालणारे शोध, प्रोसेसरच्या खऱ्या कोअरपेक्षा एक कमी ठेवावेत.

आता आकडा. २०२२ मधल्या १५.१ पासून +१.०० चा अर्थ ‘एक प्यादं जास्त’ असा राहिलेला नाही. त्याच ताकदीच्या दोन इंजिनांत जिंकायची शक्यता ५० टक्के, हा तो अर्थ आहे. एंडगेममध्ये +०.८० आणि +१.५० यांच्यातलं अंतर म्हणून खूप मोठं आहे. जुन्या पुस्तकी सवयीनं ‘पाऊण प्यादं वर’ असं वाचलं तर फसगत होते. इंजिनातला ‘यूसीआय शो डब्ल्यूडीएल’ हा पर्याय चालू केला की जिंकणं, बरोबरी, हरणं यांचे हजारातले वाटे वेगळे दिसतात. एंडगेम तपासताना तेच तीन आकडे बघावेत.

टेबलबेसमधून आलेला विजय २०० च्या आसपासच्या आकड्यानं दिसतो. ती मात नव्हे, तो ‘सिद्ध झालं’ असा शिक्का आहे. पूर्वी इथं कुचंबणा व्हायची. विजय सिद्ध, पण पुढच्या चाली निरर्थक फेऱ्यांसारख्या. २०२४ च्या आवृत्ती १७ पासून अशा ओळी थेट मातेपर्यंत पूर्ण करून दाखवल्या जातात. ती सर्वांत छोटी मात असेलच असं नाही, पण शिकणाऱ्याला शेवट दिसतो. ही सुधारणा मनापासून आवडली.

चार मोहऱ्यांची चाचणी

सगळं नीट लागलंय का हे बघायला सावेद्रा या पाद्र्याच्या नावानं प्रसिद्ध असलेल्या १८९५ मधल्या स्थितीइतकी चांगली चाचणी नाही. पांढरा राजा बी६, प्यादं सी६. काळा राजा ए१, हत्ती डी५. चाल पांढऱ्याची. प्यादं सी७ वर जातं, हत्ती डी६ वरून शह देतो आणि राजाला बी५ वरच यावं लागतं. सी५ वर गेला तर हत्ती डी१ ला जाऊन सी१ वरून प्यादं गाठतो. पुढे हत्ती डी५, डी४, डी३ असे शह देत खाली येतो आणि राजा बी४, बी३, सी२ असा उतरतो. आता काळा हत्ती डी४ वर जातो. सापळा इथं आहे. प्याद्याचा वजीर केला तर हत्ती सी४ वर शह देतो, वजिरानं तो मारावा लागतो आणि काळ्या राजाला घर उरत नाही: स्टेलमेट, म्हणजे शह नसताना चालच न उरल्यानं बरोबरी. म्हणून सी८ वर हत्ती घ्यायचा. धमकी ए८ वरच्या मातेची. काळा हत्ती ए४ वर आडवा येतो, पांढरा राजा बी३ वर जातो आणि एकाच वेळी हत्तीवर हल्ला आणि सी१ वर मातेची धमकी.

टेबलबेस लागलेला असेल तर पहिल्याच क्षणी २०० च्या आसपासचा आकडा आणि ‘टीबी हिट्स’ (टेबलबेसमधून मिळालेली उत्तरं) शून्याच्या वर दिसायला हवेत. मग प्यादं सी७ वर असतानाची ती शेवटची स्थिती मांडून ‘मल्टी पीव्ही’ (इंजिनानं एकाच वेळी दाखवायच्या पर्यायी ओळींची संख्या) दोन करावी. हत्ती घेतला तर विजय, वजीर घेतला तर ०.००, असं लख्ख दिसतं. हत्ती विरुद्ध हत्ती म्हणजे बरोबरी, हा सर्वसाधारण नियम इथं मोडतो आणि टेबलबेसला नियमांशी काही देणंघेणं नसतं.

पन्नास चालींचं घड्याळ

जास्तीत जास्त लोकांचं विश्लेषण चुकतं ते इथं. डीटीझेडची सगळी भाषा पन्नास चालींच्या नियमावर उभी आहे: पन्नास चालींत प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही तर बरोबरी. स्थिती हातानं मांडताना ‘हाफमूव्ह क्लॉक’, म्हणजे या चाली मोजणारं घड्याळ, शून्यावर राहतं. पण डावात मागच्या ३७ चालींत ना प्यादं हललं ना काही मारलं गेलं, तर शिल्लक फक्त १३ चाली असतात. शून्य घड्याळानं वेबसाइट ‘विजय’ म्हणेल आणि खऱ्या डावात ती बरोबरी असेल. म्हणून स्थिती कधीही चित्रावरून मांडू नये, डावाच्या पूर्ण नोंदीतूनच उचलावी. आँ पासाँचा (दोन घरं पुढे आलेलं प्यादं वाटेत मारायचा) हक्कही त्याच नोंदीतून बरोबर येतो. कॅसलिंगचा (किल्लेकोटाचा) हक्क शिल्लक असेल तर सिझिजी उत्तरच देत नाही, अर्थात इतक्या कमी मोहऱ्यांत तो प्रसंग क्वचितच येतो.

काही रचना मुळातच पन्नासात बसत नाहीत. हत्ती-उंट विरुद्ध हत्तीत जिंकलेल्या स्थितींना मोहरा मिळवायलाच ५९ चालींपर्यंत लागू शकतात. दोन उंट विरुद्ध एक घोडा ही शंभरहून अधिक वर्षं बरोबरी मानली जात होती. संगणकतज्ज्ञ केन थॉम्पसन यांच्या १९८३ मधल्या गणनेनं ती बहुतांशी जिंकलेली ठरली, पण ६६ चालींपर्यंत. दोन घोडे विरुद्ध एक प्यादं यात मात ११५ चालींपर्यंत लांबते. या गणनांमुळे फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं मध्यंतरी काही रचनांना जास्त चाली दिल्या होत्या. बेलग्रेडला १९८९ मध्ये निकोलिच आणि आर्सोविच यांचा २६९ चालींचा डाव हत्ती-उंट विरुद्ध हत्तीत त्याच सवलतीवर चालला आणि बरोबरीत सुटला. १९९२ पासून पुन्हा सरसकट पन्नास.

सिझिजी अशा विजयांना वेगळा वर्ग देतं: विजय आहे, पण पन्नास चालींच्या नियमामुळे हातचा जाणारा. ‘सिझिजी ५० मूव्ह रूल’ चालू ठेवला तर इंजिन त्यांना बरोबरी धरतं, बंद केला तर विजय. डाव तपासताना चालूच ठेवावा. रचनेचा अभ्यास करताना बंद करून पाहायला हरकत नाही, पण परत चालू करायला विसरू नये. एक बारीक गोष्ट अशी की डीटीझेडचे आकडे काही ठिकाणी एकानं पुढेमागे असू शकतात. घड्याळ ९९ अर्ध्या चालींच्या काठावर असेल तर निकाल देण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी एकेक चाल पुढे जाऊन पाहावं.

लीला कशाला हवी?

लीला २०१८ पासून आहे. ती स्टॉकफिशसारखी कोट्यवधी फांद्या चाळत नाही. मोठ्या न्यूरल नेटवर्कच्या अंदाजावर थोड्या फांद्या निवडून त्याच खोलवर तपासते. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ती रांगते. एकात्मिक ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर मोठं नेटवर्क चालवून मत बनवणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. छोटं नेटवर्क घ्यावं किंवा तिचा नाद सोडावा.

एंडगेममध्ये तिची खोड प्रसिद्ध आहे. डाव ९९ टक्के जिंकलेला झाला की सगळ्या चाली तिला सारख्याच वाटायच्या आणि ती उगाच फेऱ्या मारायची. २०२० मध्ये ‘उरलेल्या चाली’ मोजणारा भाग जोडल्यावर हे बरंच सुधारलं. नेमकं गणित लागतं अशा प्याद्यांच्या शर्यतीत तिच्यावर विसंबू नये. एका टेम्पोची, म्हणजे एका चालीच्या वेळेची, चूक तिच्या अंदाजात लपून जाते. मात्र बंद, सावकाश, योजनेच्या स्थितीत तिचं मत किमती आहे. राजाला वीस चाली चालवून दुसऱ्या बाजूला न्यायचं असेल, तर स्टॉकफिश ‘उशिराच्या’ चाली छाटत जातं आणि खोली ४५ दाखवूनही ती वाट पूर्ण बघितलेली नसते. लीला तिथं कधी कधी आधीच पोचलेली असते. दोघांचे आकडे मात्र एका फुटपट्टीवर ठेवू नयेत. दोन्हींकडे डब्ल्यूडीएल चालू करावं आणि फक्त बरोबरीचा वाटा ताडून बघावा.

तटबंदी: आकडा मोठा, डाव बरोबरी

आठ मोहऱ्यांपुढे इंजिनांचा सगळ्यात मोठा घात तटबंदीत, म्हणजे फोर्ट्रेसमध्ये होतो. २०१७ मध्ये पेनरोझ इन्स्टिट्यूटनं प्रसिद्ध केलेली स्थिती पटावर मांडून बघावी. पांढरा: राजा ई२, प्यादी ए२, बी३, सी४, सी६. काळा: राजा ए६, वजीर ए५, हत्ती ए४ आणि बी५, उंट ई५, एफ४ आणि जी३, प्यादी ए७, बी६, सी५, बी४, ए३. एकूण १७ मोहरे. चाल पांढऱ्याची.

काळ्याकडे वजीर, दोन हत्ती, तीन उंट. इंजिनं काळ्याची प्रचंड सरशी दाखवतात. पण नीट बघा: काळा वजीर, दोन्ही हत्ती, राजा आणि पाचही प्यादी एकमेकांत आणि पांढऱ्या प्याद्यांत अडकून जागच्या जागी बसली आहेत. हलू शकतात ते फक्त तीन उंट, आणि तिन्ही काळ्या घरांचे. पांढऱ्यानं राजा पांढऱ्या घरांवरून फिरवत राहायचं. त्याला शहसुद्धा बसू शकत नाही. बी३ च्या प्याद्यानं हत्ती मारला किंवा सी४ च्या प्याद्यानं बी५ वर मारलं, तर कोंडी फुटते आणि डाव जातो. म्हणून मोहरा फुकट मिळत असूनही घ्यायचा नाही.

तटबंदी ओळखायच्या खुणा याच स्थितीवर शिकता येतात. खोली वाढते पण आकडा जागचा हलत नाही. सुचवलेल्या ओळीत मारामारी नाही, प्याद्याची चाल नाही, नुसती ये-जा. पहिल्या पाच चालींचे आकडे जवळजवळ सारखे, कारण काही केलं तरी फरक पडत नाही. चौथी खूण सगळ्यात भरवशाची: इंजिनाला स्वतःविरुद्ध खेळायला लावावं. स्टॉकफिश पन्नासच्या घड्याळाप्रमाणे आकडा हळूहळू कमी करत नेतं. खरी प्रगती असेल तर मध्येच प्यादं हलतं आणि आकडा उसळी घेतो. तटबंदी असेल तर तो चाल-चाल उतरत शेवटी शून्यावर येतो. क्रिस्टल हे स्टॉकफिशपासूनच बनलेलं इंजिन अशा बंद स्थितींकडे विशेष लक्ष देऊन तयार केलेलं आहे. तटबंदीचा संशय असेल तर त्याचंही मत घ्यावं, मात्र इतर स्थितींत मूळ स्टॉकफिशच बरं.

दोन इंजिनांत वाद असेल तर

डावाच्या नोंदीत प्रत्येक चालीशेजारी दोन्ही इंजिनांचे आकडे असतात. पहिला फरक शोधू नये, तो बऱ्याचदा गोंगाट असतो. सलग तीन-चार चाली अंतर वाढत गेलं ती जागा पकडावी. तिथले मोहरे मोजावेत. सात किंवा कमी असतील तर लिचेसचा विश्लेषण-पट उघडून टेबलबेसची खिडकी बघावी. घड्याळासकट स्थिती दिली की काम संपलं.

आठ ते दहा मोहरे असतील तर कागद घ्यावा. या स्थितीतून सात किंवा सहा मोहऱ्यांत उतरायच्या ज्या ज्या अदलाबदली शक्य आहेत, त्या प्रत्येकीचा निकाल टेबलबेसमधून लिहून काढावा: हत्ती बदलले तर काय, एच प्याद्यासाठी घोडा दिला तर काय, उंट बदलून प्याद्यांची लढत झाली तर काय. हीच त्या एंडगेमची दारं. उदाहरणार्थ, पांढऱ्याकडे पांढऱ्या घरांचा उंट आणि एच प्यादं एवढंच उरणार असेल, तर एच८ हे काळं घर असल्यानं काळा राजा कोपऱ्यात पोचताच बरोबरी आहे. ‘एक मोहरा वर’ असलेल्या बाजूला हे दार बंद ठेवावं लागतं, आणि बचाव करणारा शेवटून दुसऱ्या प्याद्यासाठी आपला मोहरा द्यायला टपलेला असतो. ०.०० म्हणणारं इंजिन बहुतेक वेळा असंच एखादं दार बघून बसलेलं असतं. त्या इंजिनाकडे टेबलबेस आहे आणि समोरच्याकडे नाही, एवढ्याच कारणानं वाद झालेला असतो, हेही आधी तपासावं.

मग उलटं चालावं. डावाच्या शेवटच्या स्थितीवर स्टॉकफिश दोन मिनिटं ठेवायचं, एक चाल मागे यायचं, पुन्हा दोन मिनिटं. हॅश मध्ये पुसायचा नाही. पुढच्या स्थितींची उत्तरं त्यात साठत जातात आणि वादाच्या जागेवर येईपर्यंत इंजिनाला तीस चालींनंतरचं माहीत असतं. तीच स्थिती थेट मांडून तासभर ठेवण्यापेक्षा हे जास्त सांगून जातं. लंडनला २०१८ च्या जगज्जेतेपदाच्या सहाव्या डावात सेसे या यंत्रावरच्या स्टॉकफिशनं काळ्याकडून खेळणाऱ्या आव्हानवीर कारुआनासाठी ६८ व्या चालीला उंट एच४ ही सुरुवात असलेली लांबची सक्तीची मात दाखवली होती. त्यात काळा घोडा आपणहोऊन जी१ वर कोंडून घेतो. साध्या यंत्राला ते पाहिल्याबरोबर सापडत नाही, पण ती ओळ चालवून शेवटून मागे आलं की घोड्याची चाल का लागते ते उलगडतं. पटावर तो डाव ८० चालींत बरोबरीत सुटला.

‘मल्टी पीव्ही’ तीन ठेवायची ती बचाव करणाऱ्या बाजूच्या चालीवर. जिंकू पाहणाऱ्याची एकच उत्तम चाल पुरते, पण बचावाला एकच वाट आहे की तीन, यावर सगळा निकाल असतो. खोली त्यामुळे कमी होते, तेवढा वेळ जास्त द्यावा.

शेवटी वादाच्या स्थितीवरून दोन्ही इंजिनांना खेळवायचं. क्यूटचेसच्या कमांड लाइन आवृत्तीत स्थितीची फाइल द्यावी, चालीला दहा सेकंद, बाजू आलटूनपालटून वीस डाव. दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक थ्रेड आणि ठरावीक स्थितीसंख्या दिली तर स्टॉकफिश तोच डाव वीस वेळा खेळतं. विविधता हवी तर दोन-तीन थ्रेड द्यावेत. आणि आकड्यांवरून निकाल देणारे राजीनाम्याचे व बरोबरीचे नियम बंद ठेवावेत. पेनरोझची स्थिती राजीनाम्याचा नियम चालू ठेवून खेळवली तर काही चालींत काळ्याला विजय बहाल होईल, कारण दोन्ही इंजिनांचे आकडे तेच सांगत असतात. टेबलबेसवरून निकाल देणारा नियम मात्र चालू ठेवावा, त्यात वेळ वाचतो आणि चूक नसते.

प्रोग्रामबद्दल थोडक्यात: लीलासाठी निबलर, सामन्यांसाठी क्यूटचेस, रोजच्या वापराला एन क्रोसान. फोनवर ड्रॉइडफिश चांगलं आहे. पाच मोहऱ्यांचा एक जीबीचा संच फोनमध्ये सहज मावतो आणि शिबिरात, स्पर्धेच्या हॉलबाहेर, नेट नसताना हत्ती-प्याद्यांच्या साध्या लढतींना तेवढा पुरतो. सहाचा संच फोनमध्ये कोंबू नये.

डिस्कवर जागा कमी असेल तर आधी सहा मोहऱ्यांचं फक्त डब्ल्यूडीएल उतरवावं. शोधात उपयोगी पडतं ते तेच. डीटीझेड नसल्यानं सहा मोहऱ्यांची स्थिती थेट समोर असताना इंजिन कधीकधी प्रगतीविना घुटमळेल. त्या वेळी तीच स्थिती लिचेसवर टाकून चाल बघून घ्यावी आणि परत यावं.